पाळण्यात बसण्याआधी: सारंगखेडा, अमळनेर आणि जत्रेतला एक दिवस सहकुटुंब

जत्रेतले पाळणे ट्रकवर लादून येतात, नदीकाठच्या मोकळ्या जागेत चार-पाच दिवसांत उभे राहतात आणि जत्रा उठली की सुटे होऊन पुढच्या गावाला निघतात. शहरातल्या उद्यानात पाळणा एकदा बसवला की वर्षानुवर्षं तिथेच असतो. जत्रेतला दर गावात नव्याने जोडला जातो. खांब तेच, पिना त्याच, पण जमीन वेगळी, वारा वेगळा, आणि बोल्ट आवळणारा हातही कधीकधी वेगळा. म्हणून तिकीट काढण्याआधी दहा मिनिटं खाली उभं राहून नीट बघणं हे घरातल्या मोठ्या माणसांचं काम आहे. दिवसाचं बाकीचं नियोजन त्या दहा मिनिटांच्या सोयीने करायचं.

कुठे आणि कधी

सारंगखेड्याची (ता. शहादा, जि. नंदुरबार) एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते. बहुतेक वर्षी तो डिसेंबर असतो. तापीचा काठ, मंदिर, घोड्यांचा नावाजलेला बाजार आणि पाळण्यांचा मोठा पसारा, असं सगळं एकाच ठिकाणी मिळतं. रेल्वेने यायचं तर सुरत-भुसावळ मार्गावर दोंडाईचा स्टेशनला उतरून पुढे एसटी. यात्रेच्या दिवसांत शहादा, दोंडाईचा, नंदुरबारकडून जादा गाड्या सुटतात.

अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात भरते. शुद्ध एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी, आणि दुकानं-पाळणे बोरी नदीच्या पात्रात. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) आठ दिवसांनी रथ येतो, त्यामुळे लिंबाला बांधलेल्या झोक्यावरून उतरलेल्या माहेरवाशिणी आणि त्यांची पोरं आयतीच सोबतीला असतात. धुळ्याला पांझरेकाठी एकवीरा देवीची यात्रा चैत्र पौर्णिमेला. मुक्ताईनगर आणि चांगदेवकडे, तापी-पूर्णेच्या संगमाजवळ, महाशिवरात्रीला गर्दी होते.

लहान मुलं बरोबर असतील तर मुख्य दिवस टाळा. त्या दिवशी दर्शनाची रांग आणि पाळण्यांची रांग एकमेकींत मिसळतात. मुख्य दिवसानंतरचा सोमवार ते गुरुवार सगळ्यात बरा. पाळणे तेच असतात, माणसं कमी, आणि चालवणाऱ्यालाही घाई नसते. पाळणा पूर्ण उभा राहिलेला नसताना, 'चाचणी' म्हणून फुकट बसवतात त्या दिवशी तर मुळीच बसू नये. चाचणी वाळूच्या गोण्या ठेवून करायची असते, पोरं बसवून नाही.

दुपारी दोनला पोचा, उजेडात बघा

हिवाळ्यात सारंगखेड्याला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर लाइटच्या माळा लागतात आणि पाळणा देखणा दिसतो, पण गंज, सैल पिना, उघड्या वायरी सगळं त्या झगमगाटात झाकलं जातं. म्हणून दोनपर्यंत पोचून आधी दर्शन, मग घोडेबाजार, चारच्या सुमारास पाळण्यांची पाहणी, साडेचार ते साडेसहा पाळणे आणि त्यानंतर खाणं, हा क्रम ठेवा. खाणं शेवटी का, ते पुढे येईल.

घोडेबाजार फुगे-पिपाण्यांच्या आधी उरका. घोड्याला अगदी मागचं आणि नाकाच्या थेट पुढचं दिसत नाही. मागून पिपाणी वाजली किंवा फुगा फुटला की तो आधी लाथ मारतो, मग बघतो. मुलांना घोड्याच्या खांद्याच्या बाजूने, मालकाला विचारून, हात धरूनच जवळ न्या. गिऱ्हाइकाला चाल दाखवण्यासाठी घोडे जिथे पळवतात तो पट्टा ओलांडायचा असेल तर दोन्ही बाजूंना बघून एकदम ओलांडा, मधे थांबू नका. कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात तो मारवाडी किंवा काठेवाडी, आणि पांढराशुभ्र, गुलाबी नाकाचा तो नुकरा. एवढं सांगितलं की मुलं पुढचा तासभर स्वतःच घोडे ओळखत फिरतात.

खालून काय बघायचं

पाया आधी. मोठ्या पाळण्याचे दोन्ही तिकोनी खांब जाड लाकडी ओंडक्यांवर टेकलेले असावेत, म्हणजे वजन रुंद जागेवर पसरतं. खान्देशातली काळी जमीन पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते. नदीपात्रातली वाळू तर पायाखालून सरकते. ओंडक्यांखाली दगड-विटांची ठिगळं दिसली, एक बाजू खचलेली वाटली किंवा खांब ओळंब्यात नाही असा नजरेला संशय आला, तर तो पाळणा सोडून द्या. अवकाळी पाऊस पडून गेला असेल तर दुसऱ्या दिवशीही मोठ्या पाळण्यात बसू नका. वरची माती सुकलेली दिसते, खालची नरम असते.

मग पाळणा रिकामा आणि भरलेला असे तीन खेळ पूर्ण फिरू द्या आणि कान लावा. इंजिनाचा एकसुरी घरघराट ठीक. पण दर फेऱ्याला त्याच जागी 'ठक्' असा आवाज येत असेल तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा बेअरिंग गेलेलं आहे. करकर आवाज तेलाअभावी असू शकतो. ठक् मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

बसायच्या पेट्या ज्या आडव्या दांड्यावर लटकतात, त्याच्या दोन्ही टोकांना पिन असते आणि ती निसटू नये म्हणून तिच्यातून दुमडलेली बारीक पिन घातलेली असते. पेटी खाली येते तेव्हा ही बारीक पिन दिसते का बघा. तिच्या जागी तारेचा पीळ किंवा खिळा घातलेला दिसला तर पुढचं बघायची गरज नाही. पेटीचं दार आणि समोरचा दांडा बंद झाल्यावर चालवणारा स्वतः हाताने ओढून बघतो का, की नुसतं 'बसा बसा' म्हणत पुढची पेटी आणतो? याच एका गोष्टीवरून त्या माणसाबद्दल बरंच कळतं.

पेट्या भरायची रीत बघा. जाणता माणूस एक पेटी भरली की चाक अर्धं फिरवून समोरची भरतो. एकाच बाजूला आठ-दहा जण बसवले की वजन एका अंगाला जातं, चाक झोके खातं आणि ब्रेकवर ताण येतो. गर्दी कमी असताना हा झोका जास्त जाणवतो.

कुंपण हवं. पाळण्याच्या खालून माणसं ये-जा करत असतील तर वरून पडणारी चप्पल, मोबाइल, पाण्याची बाटली त्यांच्या डोक्यात जाते. इंजिन, पट्टा आणि चाकाला फिरवणारा दोर किंवा टायर यांच्याभोवतीही आडोसा असायला हवा. ओढणी, पदर, मोकळे केस यांत ओढले जाऊन देशात जीव गेलेले आहेत. मुलींच्या केसांची घट्ट वेणी किंवा अंबाडा, ओढणीला मागे गाठ, पदर खोचलेला. यात लाजायचं काही नाही आणि 'एवढ्याशाने काय होतंय' हेही नको.

जनरेटरपासून येणाऱ्या वायरी जमिनीवर ओल्या मातीत पडल्या असतील, जोडावर नुसती पिशवी गुंडाळली असेल, तर लोखंडी कठड्याला हात लावू देऊ नका.

चाकावर नेमकं काय होतं

रहाटपाळणा हा जुना शब्द विहिरीच्या रहाटावरून आला: पोहरे जसे खालीवर होतात तशा पेट्या. चार पेट्यांचा, माणसाने हाताने ढकलायचा लाकडी पाळणा कुठेकुठे लहान मुलांसाठी अजून दिसतो, आणि पाच वर्षांखालच्यांसाठी तोच सगळ्यात चांगला, कारण तो माणूस थांबला की पाळणाही थांबतो. लोखंडी महाकाय चाक आलं ते अमेरिकेतून: १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने २६४ फूट उंचीचं चाक उभारलं, त्यात एका वेळी दोन हजारांहून जास्त माणसं बसत. व्हिएन्नात १८९७ सालचं चाक अजूनही फिरतं, पण ते इतकं हळू की आत उभं राहता येतं.

जत्रेतलं चाक मात्र जोरात फिरतं. समजा चाकाचा व्यास ५० फूट आहे आणि एक फेरा १० सेकंदांत होतो. परीघ झाला साधारण १५७ फूट, म्हणजे वेग ताशी १७ किलोमीटर. सायकल जोरात मारल्यासारखा. पण गोल फिरल्यामुळे माथ्यावर वजन सुमारे तीस टक्क्यांनी कमी भासतं आणि तळाला तितकंच वाढतं. चाळीस किलोची मुलगी वर अठ्ठावीस किलोची होते. पोटात गोळा येतो तो यामुळेच, आणि माथ्यावर उभं राहिलं किंवा पेटी मुद्दाम हलवली की तोल जातो तोही यामुळेच. मोबाइलवर सेकंद मोजून फेरा किती वेळाचा आहे ते बघा. दोन पाळण्यांतला हळू असेल तो मुलांसाठी.

बसताना मूल बंद बाजूला, मोठं माणूस दाराच्या बाजूला. पेटी वर जाताना खाली वाकून आजीला हात दाखवायचा नाही, हे बसण्याआधीच सांगून ठेवा, वर गेल्यावर सांगून उपयोग नसतो. चपला खाली काढा. किल्ल्या, मोबाइल, चष्मा चेनच्या खिशात.

मधेच जनरेटर बंद पडला तर पेटीतच बसून राहा. मदतनीस चाक हाताने ओढून एकेक पेटी खाली आणतात, त्याला वेळ लागतो. दांडा उघडून खांबावरून उतरायचा शहाणपणा करणाराच पडतो.

पौर्णिमेला सारंगखेड्यात असाल तर एक फेरी बरोबर सूर्यास्ताला ठेवा. पश्चिमेला सूर्य बुडताना पूर्वेला चंद्र वर येतो, आणि माथ्यावरून तापीचं पात्र लांबवर दिसतं. फक्त कानटोपी घाला. थंडीच्या लाटेत इथे रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि वर वारा बोचतो.

बाकीचे पाळणे

ब्रेक डान्समध्ये पाट फिरतो आणि त्यावरची खुर्चीही स्वतःभोवती फिरते. बसलेला प्रत्येक जण बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. म्हणून जड माणूस बाहेरच्या कडेला आणि मूल आतल्या बाजूला. उलटं बसलात तर बापाचं सगळं वजन पोरावर येतं. टोरा-टोरा या गोल फिरणाऱ्या पाळण्यालाही हाच नियम. उलट्या होतात त्या इथेच: कान सांगतो आपण फिरतोय, डोळ्यांसमोरची खुर्ची सांगते आपण स्थिर आहोत, आणि मेंदूचा गोंधळ पोटावर येतो. डोळे मिटू नका, लांब कुठेतरी, मंदिराच्या कळसाकडे वगैरे नजर ठेवा. जेवणानंतर दोन तास तरी इथे चढू नका.

पुढे-मागे झुलणाऱ्या कोलंबसच्या होडीत टोकाच्या रांगा सर्वांत उंच जातात, मधल्या सर्वांत कमी. पहिल्यांदा बसणाऱ्याला मधे बसवा. ड्रॅगनच्या गाडीत शेवटचा डबा वळणावर फटका मारतो, लहानांना पुढून दुसऱ्या-तिसऱ्या डब्यात बसवा.

मिकी माऊसची हवेची घसरगुंडी निरुपद्रवी वाटते, पण वाऱ्याला सगळ्यात घाबरायचं ते तिलाच. तिच्या चारही कोपऱ्यांचे दोर खोल खुंट्यांना बांधलेले आहेत का बघा. वाळूत खुंटी धरत नाही, तिथे जड गोण्या हव्यात. चार वर्षांचं आणि बारा वर्षांचं पोर एकाच वेळी आत सोडू नका. मोठ्याच्या उडीने लहानगं उडतं आणि मान मुरगळते.

मौत का कुआँ बघायचा असेल तर धोका फक्त मोटरसायकलवाल्याला नाही, बघणाऱ्यांनाही आहे. फळ्यांच्या त्या विहिरीत गाडी वेगामुळे भिंतीवर दाबली जाते आणि टायरच्या घर्षणाने टिकून राहते. गाडी जवळून गेली की फळ्या थोड्या हलतात, ते अपेक्षितच आहे. पण वरचा प्रेक्षकांचा माचा आणि त्याचा जिना खचाखच भरला असेल तर पुढच्या खेळाची वाट बघा. मुलाला कठड्यावर बसवू नका, आणि नोट पुढे करून स्वाराला ती उचलायला लावायचा खेळ तर नकोच. आत धूर आणि आवाज फार असतो, तान्ह्या बाळाला घेऊन चढू नये.

गरोदर बाई, हृदयविकार किंवा पाठीच्या मणक्याचा त्रास असलेल्यांनी खालीच थांबावं. आजी-आजोबांसाठी सतरंजी आणि थर्मासमध्ये चहा असला की तेही खूश.

अमळनेरला उन्हाचं वेगळं गणित

वैशाखात पारा ४३-४४ अंशांवर असतो. इथे दुपारी दोनला पोचण्यात अर्थ नाही. पाच वाजता या, दोन तास उजेड मिळतो. लोखंडी आसनं आणि दांडे दिवसभर तापलेले असतात: आधी आपला तळहात लावून बघा, मग मूल बसवा. अर्ध्या चड्डीतल्या मांड्यांना पहिला चटका बसतो. दर मुलामागे एक लिटर पाणी, कैरीचं पन्हं किंवा मीठ-साखरेचं पाणी घरून न्या, बाहेरचा बर्फाचा गोळा टाळा. खिशात कांदा ठेवणाऱ्यांनी जरूर ठेवावा, पण पाण्याला तो पर्याय नाही.

खरी सावधगिरी वळवाची. संध्याकाळी आभाळ काळवंडलं, वारा पडला आणि मग एकदम धूळ उठू लागली की पुढच्या काही मिनिटांत वादळी झोत येतो. धूळ दिसताच पाळण्यातून उतरा, रांगेत असाल तर तिकिटाचे पैसे सोडून द्या. पत्रे, फलक आणि मांडवाच्या दोरांपासून लांब जाऊन पक्क्या इमारतीत थांबा.

हरवू नये म्हणून

'मोठ्या पाळण्याखाली भेटू' असं ठरवू नका. मोठे पाळणे दोन-तीन असतात आणि खाली सगळ्यात जास्त गर्दी. मंदिराचं महाद्वार किंवा पोलीस चौकी ठरवा आणि आल्याआल्या मुलांना ती जागा दाखवा. मुलाच्या दंडावर बॉलपेनने दोन मोबाइल नंबर लिहा, त्यातला एक घरी थांबलेल्या माणसाचा, कारण गर्दीत नेटवर्क बसतं आणि जत्रेतला फोन लागत नाही. लहानांना वडिलांचं पूर्ण नाव, गाव आणि तालुका पाठ हवा. भोंग्यावर 'पिंप्रीचा सोनू' असं पुकारलं तर दहा पिंप्र्यांचे दहा सोनू असतात. घरून निघताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवा.

पैशांचंही तसंच. नेटवर्क नसेल तर मोबाइलने पैसे जात नाहीत. दहा, वीस, पन्नासच्या नोटा वेगवेगळ्या दोघांच्या खिशात ठेवा. प्रत्येक मुलाला आधीच सांगा: पाच पाळणे, कुठले ते तू ठरव. मग तेच विचार करून निवडतात आणि फुग्यांच्या बंदुकीवर पैसे उडवत नाहीत.

पाळणे संपले की खाणं. गोडीशेव, रेवड्या, भत्ता बांधून घ्या. जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी बरी. शेवभाजीचा तिखट तवंग परतीच्या प्रवासात मुलांना सोसत नाही. भजी-जिलेबी डोळ्यांसमोर तळलेलीच घ्या, आणि तेल काळं झालं असेल तर पुढच्या गाड्यावर. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय जत्रेत तोकडी असते, म्हणून शहादा किंवा दोंडाईचाला एसटी स्टँडवर आधीच जाऊन या.

स्वतःची गाडी असेल तर ती तोंड रस्त्याकडे करून लावा, नदीच्या वाळूत उतरवू नका. रात्री निघताना चाक रुतलं की ढकलायला माणसं मिळतात, पण मागे गाड्यांची रांग लागते. एसटीने परतायचं तर शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, तिच्या आधीची धरा. साडेआठनंतर पाळणे चालू असतात, पण चालवणारा दिवसभर उभा राहून थकलेला असतो. पोरं 'अजून एकच' म्हणतील, तेव्हा हातात रेवड्यांची पुडी देऊन गाडीकडे वळायचं.